पोटातील फुगा आणि पहिल्या दिवसांतील मळमळ : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

वजन कमी करण्यासाठी जठरात फुगा बसवून घेतलेल्यांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी मळमळ व उलट्या आटोक्यात ठेवण्यासाठी काय केले, ते येथे लिहावे. वजन किती उतरले, ही चर्चा येथे नको. औषधांची मात्रा ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे.

एक शिक्षिका, सातारा
माझ्या फुग्यात सुमारे अर्धा लिटर निळसर सलाईन भरले होते. एवढा ऐवज अचानक येऊन बसला की जठर त्याला बाहेर ढकलू पाहते, त्यामुळे कळा आणि उमासे येणारच, असे डॉक्टरांनी आधीच समजावले होते. आम्लता कमी करणारी गोळी काही दिवस आधीपासून चालू होती आणि मळमळीवरची गोळी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी घ्यायची होती. पहाटेच्या गोळीसाठी मी गजर लावत असे. माझ्या मते सर्वाधिक फरक त्यानेच पडला, कारण एकदा उलट्या सुरू झाल्या की गिळलेली गोळी पोटात टिकत नाही. जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची (मळमळ थांबवणाऱ्या औषधाची) गोळी अशा वेळी उपयोगी पडते. तिने बद्धकोष्ठता होऊ शकते, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही.

पत्नीची शुश्रूषा केलेले गृहस्थ, विश्रामबाग, सांगली
आम्ही पेला बाजूला ठेवून चमच्यानेच पाणी दिले. दिवसभरात दीड लिटरच्या आसपास द्रव पोटात जावा, असे सांगितले होते. त्यासाठी पाणी, शहाळे, निवळ ताक आणि गाळलेले मुगाचे कढण थोड्या थोड्या वेळाने देत राहिलो. फोडणीच्या वासानेही तिला उमासे येत, म्हणून आईने आमचा स्वयंपाक शेजारच्या काकूंच्या ओट्यावर हलवला. उशाशी जास्तीच्या उशा ठेवल्याने झोप जरा बरी लागली.

एक परिचारिका, मिरज
पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. बहुतेकांचा त्रास आठवड्याच्या आत ओसरतो. घोटभर पाणीही टिकेनासे झाले, लघवी गडद व कमी झाली किंवा चक्कर आली, तर घरी थांबू नये. सतत उलट्यांनी पोटॅशियम उतरते, आणि त्या लांबल्यास थायामिनच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेमुळे मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. कळा येतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत, कारण जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो.

मधुमेही गृहस्थ, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर)
जेवण बंद आणि साखरेच्या गोळ्या चालू, असे होऊ नये म्हणून त्यांची मात्रा फुगा बसवण्यापूर्वीच बदलून घेतली.

एक व्यापारी, कराड
सगळे सुरळीत होऊन बरेच आठवडे लोटल्यावर मला पुन्हा उलट्या सुरू झाल्या. मिरजेच्या ताईंनी लिहिलेला पहिल्या दिवसांचा त्रास वेगळा आणि हा वेगळा. अन्न अडकणे, फुगा जागेवरून सरकणे, तो आपोआप जास्त फुगणे, अशी कारणे असू शकतात, म्हणून मळमळीच्या उरलेल्या गोळ्या घेत न बसता मी तपासणी करून घेतली. माझ्या बाबतीत अन्नच साचले होते. दोन दिवस द्रवाहारावर राहिल्यावर बरे वाटले. आता भाकरी कुस्करून, बारीक चावून खातो आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने पितो.