खणाच्या पर्स ऑनलाइन विकण्यासाठी प्रोफाइल पान कसं लिहावं? लोक येतात, 'प्राइस?' विचारतात आणि जातात

गिरगावची_पोटली (प्रश्न)

खणाच्या पर्स, पोटल्या आणि बाळाची टोपडी शिवून विकते. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेस दोन्ही आहेत. माल २५० ते १,४०० रुपयांपर्यंतचा. पानावर माणसं येतात हे आकड्यांत दिसतं, पण बहुतेक मेसेज 'प्राइस?', 'कुठे आहे?', 'मोबाइल बसेल का?' एवढेच. उत्तर दिलं की पुढे शांतता. सध्या बायोत (प्रोफाइलवरच्या छोट्या ओळखीत) लिहिलंय: 'परंपरेला आधुनिकतेचा साज. प्रेमाने विणलेलं, तुमच्यासाठी. ऑर्डरसाठी डीएम.' फोटोच्या जागी लोगो आहे. नेमकं काय बदलू? घरूनच काम असल्यामुळे पत्ता द्यावा की नाही, हाही प्रश्न आहे.

दादर_पश्चिम

ताई, उत्तर तुमच्या इनबॉक्समध्येच आहे. शेवटचे ५० मेसेज उघडा आणि कागदावर प्रश्नांच्या रेघा ओढा: किंमत किती वेळा, माप किती वेळा, पोचायला किती दिवस, परत घेता का. ज्या प्रश्नाच्या रेघा सगळ्यात जास्त, त्याचं उत्तर बायोत. त्याखालोखालचे पिन केलेल्या, म्हणजे पानावर सगळ्यात वर अडकवलेल्या, पोस्टमध्ये. उरलेले हायलाइटमध्ये (बायोखाली जपून ठेवलेल्या स्टोऱ्यांत). 'प्राइस?' विचारणाऱ्याला तुम्ही दोन तासांनी उत्तर देता तोवर तिनं आणखी तीन पानं पाहिलेली असतात. म्हणून तो प्रश्न विचारावाच लागू नये.

आताच्या बायोत 'पर्स' हा शब्दच नाही. 'खण'ही नाही. शिवाय 'विणलेलं' चुकीचं आहे, तुम्ही शिवता. खण विणणारा वेगळा. जाणकार गिऱ्हाईक तिथंच थबकतं.

बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे हातात जेमतेम वीस-बावीस शब्द येतात. असं बसतं:

खणाच्या घरी शिवलेल्या पर्स, पोटली, टोपडी
₹२५० ते ₹१,४०० | कुरिअर भारतभर
ऑर्डरनंतर ४ दिवसांत रवाना
गिरगाव, मुंबई · दर खाली लिंकमध्ये

हे १३० अक्षरांच्या आसपास भरतं. 'चार दिवस' तेव्हाच लिहा जेव्हा दिवाळीच्या गर्दीतही पाळता येतील. नाहीतर त्या महिन्यापुरती ओळ बदला. बायो काही दगडावरची अक्षरं नव्हेत.

बायोच्या वर ठळक दिसतं ते 'नाव'. तिथं नुसतं ब्रँडचं नाव नको. शोधताना हँडल (@ नंतरचं नाव) आणि हे नाव दोन्हींत जुळणी होते, म्हणून 'खण पर्स मुंबई' हे शब्द नावातच असू द्या. निम्मी गिऱ्हाइकं रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा हँडल रोमनमध्ये आणि नाव देवनागरीत अशी विभागणी ठेवा. नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. आधी कागदावर पक्कं करा, मग टाका.

माहीम_खिडकी

वरच्यांनी शब्दांचं सांगितलं, मी फोटोंचं सांगतो. पान उघडल्यावर नजर आधी फोटोवर जाते.

लोगो काढा. प्रोफाइलचा फोटो गोलात कापला जातो आणि कमेंटशेजारी नखाएवढा दिसतो. बारीक अक्षरं आणि नाजूक वेलबुट्टी तिथं नुसता डाग होते. एकच पर्स, गडद रंगाची, पांढऱ्या चादरीवर, कडेला थोडी मोकळी जागा सोडून. मोबाइल हात लांब करून धरा. पर्स आहे हे कळलं तर फोटो पास.

खणाची खरी अडचण रंगाची आहे. ताणा (उभा धागा) एका रंगाचा, बाणा (आडवा धागा) दुसऱ्या, म्हणून कापड धूपछाव दिसतं: समोरून जांभळं, कलतं धरलं की लालसर. फ्लॅश मारला की चमक पांढरी होते आणि काठ-बुट्टे उडतात. ट्यूबलाइट चालू ठेवून खिडकीशी काढला तर अर्धी पर्स पिवळट, अर्धी निळसर. घरातले दिवे बंद करा, खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, सकाळी नऊ ते अकरा. पावसाळ्यात ढगाळ उजेड खरं तर चांगला, सावली मऊ पडते. फक्त मोबाइल टेकवून ठेवा, नाहीतर फोटो हलतो. पर्सवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. प्रत्येक रंगाचे दोन कोनांतले फोटो टाका आणि खाली लिहा की कापड धूपछाव आहे. 'रंग वेगळाच आला' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

प्रत्येक वस्तूचे पाच फोटो: समोरून, मागून, चेन उघडून आतलं अस्तर, शिलाई आणि रनर जवळून, आणि हातात किंवा खांद्यावर धरलेली. हा पाचवा सगळ्यात महत्त्वाचा, कारण '९ बाय ७ इंच' वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

'मोबाइल बसेल का' याला नेमकं उत्तर आहे. ६.७ इंची स्क्रीनचा मोबाइल साधारण १६ सेंमी लांब असतो, कव्हर घातलं की थोडा जास्तच. पर्सचं तोंड १५ सेंमीचं असेल तर तो आडवा जाणार नाही, उभा घातला तर चेन लागते का ते बघावं लागेल. तेव्हा बाहेरच्या मापासोबत चेन उघडल्यावरच्या तोंडाचं माप द्या, आणि मोबाइल अर्धा आत गेलेला एक फोटो टाका. बकरम (आत घालायचं ताठ कापड) आणि अस्तरामुळे आतली जागा बाहेरच्या मापापेक्षा कमी भरते, हे विसरलं की वाद होतात.

आणखी एक. २०२५पासून प्रोफाइलवरची ग्रिड (फोटोंची जाळी) चौकोनी राहिलेली नाही, उभी ३:४ झाली आहे. जुन्या चौकोनी फोटोंच्या डाव्या-उजव्या कडा ग्रिडमध्ये कापल्या जातात. कोपऱ्यात किंमत छापली असेल तर ती अर्धवट दिसत असणार. तपासा.

गिरगावची_पोटली

खरंच, '₹६५०' मधला शून्य गायब आहे! पण बायोत किंमत लिहिली तर लोक पाहूनच पळतील, असं बऱ्याच जणी सांगतात. आणि पत्त्याचं काय?

मुलुंड_चेकनाका

पळणारे विचारून झाल्यावरही पळतातच, फक्त तुमचे दहा मिनिटं घेऊन. किंमत लिहाच. तो तुमच्या मर्जीचाही प्रश्न नाही: ग्राहक संरक्षण कायद्याखालचे २०२०चे ई-कॉमर्स नियम नियमितपणे धंदा करणाऱ्याला लागू होतात, आणि त्यांत वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात, तिच्या फोडीसकट देणं अपेक्षित आहे. '६५० + कुरिअर' लिहून कुरिअर किती ते शेवटी सांगणं बरोबर नाही. '६५० + मुंबईत कुरिअर ६० = ७१०' असं लिहा, तुमचा खरा दर घालून.

त्याच नियमांमुळे 'नो रिटर्न, नो एक्स्चेंज' ही ओळ टिकत नाही. माल सदोष निघाला, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला किंवा सांगितलेल्या तारखेनंतर पोचला, तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पेटी उघडतानाचा व्हिडिओ मागायला हरकत नाही, वाद मिटायला मदत होते. पण 'व्हिडिओ नाही तर काहीच मिळणार नाही' असं लिहू नका. रंग आवडला नाही, मन बदललं, अशा परताव्याची अट मात्र तुम्ही ठरवू शकता. ती खरेदीआधी दिसली पाहिजे. तक्रार आली की ४८ तासांत ती मिळाल्याची पोच आणि महिन्याभरात निकाल, हेही त्यात आहे.

पत्ता: विकणाऱ्याचं नाव, पत्ता, संपर्क ग्राहकाला मिळालाच पाहिजे. तो बायोत हवाच असं नाही. बायोत 'गिरगाव, मुंबई ४००००४' पुरे. पूर्ण पत्ता परताव्याच्या अटींच्या पानावर, बिलावर आणि पार्सलवर. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, घरचा नंबर नको. नकाशावर घराची खूण टाकू नका, लोक न सांगता दारात येतात.

ब्रँडच्या नावापुढे गोलातला आर (®, नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण) लावायचा मोह आवरा. नोंदणी झाल्याशिवाय ते चिन्ह वापरायला ट्रेडमार्क कायदा १९९९खाली मनाई आहे, दंड होऊ शकतो. टीएम (™) चालतं.

डोंबिवली_फास्ट

दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, 'मुंबईभर डिलिव्हरी'. महापालिकेची हद्द दहिसर, मुलुंड, मानखुर्दला संपते; पण वसई, डोंबिवली, पनवेलची माणसंही स्वतःला मुंबईचीच समजतात आणि मुंबईचाच दर धरतात. म्हणून गावांची नावं लिहून दर द्या: दहिसर-मुलुंडपर्यंत एवढे, ठाणे-कल्याण-वसई-पनवेल एवढे, बाहेर एवढे. स्टेशनवर हातोहात देत असाल तर वार, वेळ आणि जागा पक्की लिहा: 'शनिवार, संध्याकाळी ५ ते ६, चर्नी रोड, स्टेशनबाहेर पूर्वेला'. नुसतं 'दादरला भेटू' म्हणाल तर एक जण पूर्वेला उभा, दुसरा पश्चिमेला, आणि मधे पुलावरची गर्दी.

दुसरी, व्हॉट्सॲप बिझनेस. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, तुम्हाला तीस पुरतील. प्रत्येकीला किंमत, माप आणि कोड द्या, 'खप-०७' असा, आणि तोच कोड इन्स्टाच्या पोस्टखाली. मग 'ती जांभळी' म्हणजे कोणती हा घोळ होत नाही. संपलेली वस्तू त्याच दिवशी लपवा. बिझनेस टूल्समधून शॉर्ट लिंक बनवून बायोत लावा आणि त्यात आधीच लिहिलेला मेसेज ठेवा: 'कोड: ___ पिनकोड: ___'. गिऱ्हाईक आलं तेच माहिती भरून येतं. स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस संवाद नसलेल्याला आपोआप जातो. त्यात नमस्कारानंतर लगेच दर, दिवस आणि परताव्याची लिंक.

पैशांची ओळही असू द्या: 'रक्कम खात्यात जमा झाल्यावर पार्सल निघेल'. खोटे स्क्रीनशॉट रोज फिरतात. 'ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारा आला तर थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय त्यांना विचारून हायलाइटमध्ये लावा, नंबर आणि चेहरा झाकून. मैत्रिणीकडून लिहवून घेतलेले नकोत, ते ओळखू येतात आणि ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय टाकायला नियमांत मनाई आहे.

गिरगावची_पोटली

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन पोस्ट पिन करते: दरपत्रक, मापं मोबाइलसह, आणि ही परताव्याची:

'शिलाई, चेन किंवा अस्तरात दोष असल्यास ७ दिवसांत कळवा. बदलून देऊ किंवा पूर्ण रक्कम परत, कुरिअर आमचं. रंग-आवड बदलल्यास न वापरलेली वस्तू ७ दिवसांत परत, कुरिअर तुमचं. टोपडी वापरल्यावर परत नाहीत. खण पाण्यात धुऊ नका, कोरड्या कपड्यानं पुसा.'

मुलुंड_चेकनाका

छान आहे, दोन दुरुस्त्या. '७ दिवसांत' कधीपासून? 'पार्सल हातात पडल्यापासून' घाला, नाहीतर कुणी ऑर्डरच्या तारखेपासून मोजेल. आणि टोपडीच्या ओळीत 'दोष नसल्यास' हे शब्द हवेत. शिवण उसवलेली टोपडी बाळाला एकदा घातली म्हणून नाकारता येणार नाही.