मदत हवी आहे: पोरांच्या फुटबॉल सरावाची इंटेन्सिटी कशी मोजायची?

मंडळी, कोल्हापुरात पेठेतल्या १५-१६ वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, पोरांचं धावणं मोजणारं जीपीएस परवडत नाही म्हणून सेशन आरपीई चालू केलंय, म्हणजे सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं ० ते १० मध्ये किती जड गेलं आणि त्याला मिनिटांनी गुणायचं, ९० मिनिटं आणि ७ म्हणजे ६३०. पण पोरं एकमेकांचं ऐकून सगळी ५ च सांगतात, दमलो म्हटलं तर मॅचला बाहेर बसवतील ही भीती. हार्ट रेटचे पट्टे दोनच आहेत, आणि मॅक्स हार्ट रेट (मिनिटाला जास्तीत जास्त ठोके) काढायचं २२० वजा वय हे सूत्र फारच ढोबळ, एकेकाचा मॅक्स १० ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो. मग यो-यो टेस्टला (बीपवर वाढत्या वेगाने ये-जा धावायची चाचणी) पट्टा लावूनच मॅक्स काढू का? एकाचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) परवाच गेलंय, खूप वाईट वाटलं. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.