केबिनमध्ये उग्र वास आला आणि उगम सापडेना, तर विमान उतरवायचं की पुढे न्यायचं?

पार्ल्याची_मुक्ता
माझं मत आधीच सांगते. वास कुठून येतोय ते सापडत नसेल, तर जवळचा विमानतळ गाठावा आणि प्रवाशांना खरं कारण सांगावं.

माझी भाची केबिन क्रू आहे. गेल्या पावसाळ्यात मुंबईहून निघाल्यावर मागच्या गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) घामट मोज्यांसारखा वास सुटला. तिने इंटरकॉमवर कॅप्टनला कळवलं. थोड्या वेळाने वास विरला आणि विमान ठरल्या ठिकाणी गेलं. उतरल्यावर तिचं डोकं ठणकत होतं, बोटांना मुंग्या येत होत्या. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानातल्या बिघाडांच्या वहीत, नोंद झाली का, हे तिला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटी.

बहुतेक विमानांत केबिनची ताजी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून येते. सील गळलं की इंजिनाचं तेल त्या हवेत उतरू शकतं, आणि त्या तेलात बहुधा ट्रायक्रेसिल फॉस्फेट असतं, मज्जासंस्थेला बाधणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातलं. हेपा फिल्टर असतो, पण तो आतली हवा पुन्हा फिरवताना कण अडवतो, वायू अडवत नाही. बोइंग ७८७ मध्ये ही रचनाच बदलली, तिथे बाहेरची हवा विजेवरच्या कॉम्प्रेसरने घेतात. बाकी बहुतेक विमानांत ही हवा तपासणारं यंत्रसुद्धा नसतं. क्रूच्या नाकावर सगळी भिस्त. मग त्या नाकाचं ऐकायला नको?

निवृत्त_एएमई, ठाणे
मुक्ताताई, भाचीच्या तब्येतीची चौकशी व्हायलाच हवी. पण प्रत्येक वास म्हणजे तेल नव्हे. धावपट्टीकडे जाणाऱ्या टॅक्सीवेवर रांगेत उभं असताना पुढच्या विमानाचा धूर आपल्या एसीत शिरतो. ओव्हनमध्ये सांडलेलं जळतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे झरोक्यांतून पांढरं धुकं उतरतं आणि प्रवासी धूर धूर म्हणून ओरडतात. मी विमान देखभालीचा इंजिनिअर (एएमई) होतो, अशा तक्रारींवर रात्री घालवल्यात.

शिवाय घाईने उतरवण्यात वेगळा धोका असतो. टाकी भरलेली, वजन लँडिंगच्या मर्यादेपेक्षा जास्त. त्यात स्लाइड, म्हणजे आणीबाणीची घसरगुंडी, उघडून माणसं उतरवली तर कुणाचा तरी घोटा मोडतोच. आणि मुंबईत दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. ती अडली की वर घिरट्या घालणाऱ्या सगळ्यांचं इंधन मोजायला लागतं.

पार्ल्याची_मुक्ता
आता नवी मुंबईचा विमानतळ आहे ना. आणि दिल्लीच्या वाटेवर सुरत, वडोदरा, अहमदाबाद आहेत.

गॅलीतून
मी पर्सर आहे, केबिन क्रूची प्रमुख. आत काय चालतं ते ऐका. वास आला की आम्ही कॅप्टनला नुसतं "वास येतोय" सांगत नाही. कसा, कुठल्या रांगेत, कधीपासून, वाढतोय का, कुणाला त्रास होतोय का, एवढं सगळं सांगावं लागतं, कारण पॅक (केबिनला हवा पुरवणारं एसीचं यंत्र) बंद करायचा की ओव्हनची वीज तोडायची हे त्यावरून ठरतं. शंका असेल तर वैमानिक आधी मास्क चढवतात आणि शंभर टक्के ऑक्सिजन घेतात. आमच्याकडे स्मोक हूड, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी डोक्यावर चढवायची टोपी, असतो, साधारण १५ मिनिटं पुरतो. वरून पडणारे पिवळे मास्क अशा वेळी कामाचे नाहीत, त्यांत केबिनचीच हवा मिसळते. प्रवासी ते मागतात आणि नाही म्हणणं फार जड जातं.

एएमई काका, घोटा मोडण्याची भीती मला समजते. पण नाकाला सवय होते. दहा मिनिटांनी "वास गेला" असं आम्हीच सांगतो, आणि तो खरंच गेला की आम्हाला येईनासा झाला हे आम्हालाही कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

डोंबिवली_फास्ट
प्रवाशांना सांगण्याला माझा विरोध. एकाने व्हिडिओ काढला की सगळे उठून मार्गिकेत. क्रूने काम करायचं की गर्दी आवरायची?

गॅलीतून
उलट आहे. न सांगितलं की उठतात. "वास आलाय, तपासतोय, बसून राहा, तोंडावर ओला रुमाल धरा" असं शांतपणे सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात.

पार्ल्याची_मुक्ता
२ सप्टेंबर १९९८. स्विसएअर १११, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला. कॉकपिटमध्ये वास आला, वैमानिकांना आधी तो एसीचा वाटला. साधारण वीस मिनिटांत विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली.

निवृत्त_एएमई, ठाणे
पूर्ण सांगा. ती तारांची आग होती, तेलाचा वास नव्हता. आणि कॅनडाच्या तपासणीने म्हटलं की लगेच कॅनडातल्या हॅलिफॅक्स विमानतळाकडे उतरायला घेतलं असतं तरी सुखरूप पोचणं शक्य नव्हतं.

पार्ल्याची_मुक्ता
म्हणूनच तर नंतर धुराच्या चेकलिस्ट बदलल्या, काका. उगम दिसत नाही, हात पोचत नाही, विझवता येत नाही, तर डायव्हर्ट करायला, म्हणजे विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवायला, सुरुवात करा. आपल्याकडचं बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोव्याहून हैदराबादला जाणाऱ्या क्यू-४०० या पंख्याच्या विमानात धूर भरला. त्यानंतर डीजीसीएने (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) त्या कंपनीच्या क्यू-४०० ताफ्याच्या इंजिन तेलाचे नमुने दर १५ दिवसांनी तपासायला लावले. म्हणजे सील गळतं हे मान्य आहे.

निवृत्त_एएमई, ठाणे
ते बरोबर केलं. रक्ताच्या तपासणीचंही मी तुमच्या बाजूने बोलेन. कार्बन मोनॉक्साइड चार-पाच तासांत रक्तात निम्म्यावर येतो, ऑक्सिजन दिला तर त्याहून लवकर. क्रू वसईला घरी पोचून सकाळी डॉक्टरकडे गेला तर पुरावा उरत नाही. विमानतळावरच रक्त घ्यायला हवं, आणि ते घेतलं म्हणून रोस्टरवर कुणाला शिक्षा होता कामा नये. पण वास विरला, सगळे ठीक आहेत, यंत्रणा नीट दिसतायत, तर मी विमान पुढे नेऊ देईन.

गॅलीतून
उगम न सापडता? मी त्या विमानात पुढचे दोन तास गॅलीत उभी असेन, काका. मी तरी कॅप्टनला उतरवायलाच सांगेन.