टॅग गाडीतच होता, तरी गाडी उचलली. चूक कोणाची?

रातराणी_फ्रीमाँट:
शनिवारी सॅन होजेहून मावसभाऊ जेवायला आला. गप्पांत उशीर झाला, म्हणून राहिलाच. गाडी व्हिजिटरच्या जागेत लावली होती. अपार्टमेंटचा नारिंगी पाहुणा-टॅग मी स्वतः आरशाला अडकवला. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत आले, तर जागा रिकामी, खाली फक्त तेलाचा डाग! आधी वाटलं चोरी झाली. मग गेटवरच्या पाटीवरचा नंबर फिरवला. रात्री २ वाजून १० मिनिटांनी उचलली म्हणे. उचललेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डात ३९० डॉलर मोजले, दार उघडलं, तर टॅग पायाजवळच्या मॅटवर. दार आपटताना निसटला असणार. परवानगी होती, जागा पाहुण्यांचीच, कोणाची वाट अडवली नव्हती. मग पैसे कशाचे घेतले? ही सरळ लूट आहे.

तिसरा_मजला:
राग मानू नका. टॅग बाहेरून दिसला पाहिजे, हे भाडेकरारात असतं आणि खाली सही आपलीच असते. रात्री दोनला बॅटरी मारत फिरणाऱ्याने तुमच्या मॅटवर काय पडलंय ते शोधत बसायचं का? मी महिन्याला ७५ डॉलर भरून जागा घेतली आहे. साडेअकराला दमून यावं, तर तिथे कोणाची तरी टेस्ला झोपलेली. विचारलं की "पाचच मिनिटं हो!" गाड्या उचलणारा ट्रक यायला लागला तशी ही पाच मिनिटं बंद झाली.

रातराणी_फ्रीमाँट:
तुमची जागा तुमच्या नावावर आहे. मी कोणाची अडवली?

तिसरा_मजला:
आमच्याकडे व्हिजिटरच्या आठ जागा आहेत, त्यांतल्या सहांत इथल्याच रहिवाशांच्या दुसऱ्या गाड्या. टॅग दिसला नाही तर पाहुणा ओळखायचा कसा, तेवढं सांगा.

चौकातला_पुणेकर:
तुम्हाला टॅग तरी मिळतो! इथे सम-विषम तारखेचा फलक झाडामागे, आणि टेम्पो मात्र बरोब्बर समोर. मालाडला २०१७ साली बाळाला पाजत बसलेल्या बाईसकट गाडी ओढली होती, आठवतंय ना? हवालदार निलंबित झाला, तो व्हिडिओ फिरल्यावर.

नदीकाठचा_बोका:
दोघंही टॅगवरच अडलात. कॅलिफोर्नियात खासगी जागेतल्या टोइंगला वाहन संहितेचं कलम २२६५८ लागतं. गाडी उचलण्याआधी जागेच्या मालकाची किंवा त्याच्या माणसाची लेखी परवानगी लागते, आणि त्या माणसाने तिथे हजर राहून चूक डोळ्यांनी बघायची असते. पंधरापर्यंत घरांच्या लहान इमारतींना काही सूट आहे. फायर लेन (बंबासाठी मोकळी ठेवलेली वाट), हायड्रंट (बंबाचा नळ) किंवा येण्याजाण्याची वाट अडवली असेल तर गोष्ट वेगळी. त्या कागदावर गाडी पहिल्यांदा कधी दिसली आणि परवानगी किती वाजता दिली, दोन्ही वेळा लागतात. त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. आणि ट्रक आवारातून निघण्याआधी गाडीचा मालक पोचला तर गाडी तिथेच सोडावी लागते, फार तर अर्धे पैसे घेऊन. रातराणीताई, तुमच्या कागदावर काय लिहिलंय?

तिसरा_मजला:
कायदा बरोबर आहे. पण असे कागद सगळीकडे गठ्ठ्याने सही करून ठेवलेले असतात, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून टोइंगच बंद करा म्हणाल, तर मी परत रस्त्यावर.

नदीकाठचा_बोका:
"सगळ्यांना माहीत आहे" म्हणून चालवून घ्यायचं, आणि टॅग मॅटवर पडला तर ३९० डॉलर? नियम पाळायचे तर दोघांनी पाळा की.

रातराणी_फ्रीमाँट:
भावाकडून आत्ता कागदाचा फोटो मागवला. सही आमच्या मॅनेजरबाईंची. परवानगीची वेळ संध्याकाळी ५:४०. भाऊ आला साडेसातला! त्या सहालाच घरी जातात. स्मॉल क्लेम्स कोर्टाचा (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) अर्ज बघतेय, आधी ऑफिसात जाऊन विचारणार.

तिसरा_मजला:
हे मात्र गैर आहे, मान्य. टॅगबद्दलचं माझं मत तेच आहे, चिमटा लावत जा. ऑफिसात जाल तेव्हा मूळ कागद दाखवायला सांगा. मी इथूनच लिहितोय, गाडीत बसून. माझ्या जागेत परत तीच टेस्ला.