यंत्र आपणच जोडायचं, ते फसलं की कारणही सापडलं पाहिजे: असे गेम सुचवा

खटपट्या
असे गेम हवेत ज्यात यंत्र आपण जोडतो, ते फसतं आणि का फसलं ते शोधून दुरुस्त करता येतं. अट एकच: फसण्यामागे गेमचे नियम हवेत, नशीब नको. पीसी आणि स्विच दोन्ही चालतील. नुसतं नाव नको, पहिल्यांदा काय बनवून बघावं तेही लिहा.

उलटाबाण
कर्बल स्पेस प्रोग्रॅम, रॉकेट जोडून उडवायचा गेम. पहिलाच घ्या, दुसरा अर्ली अ‍ॅक्सेसच्या (अपूर्ण असतानाच विकण्याच्या टप्प्याच्या) पुढे गेलाच नाही.

पहिलं रॉकेट मुद्दाम चुकीचं बनवा. मार्क-1 कॅप्सूल, त्यावर पॅराशूट, खाली चार एफएल-टी400 टाक्या आणि रिलायंट इंजिन. पंख लावू नका. सरळ वर जाताना सगळं छान चालेल, पण वेग चढल्यावर नाक जरा जास्त कललं की रॉकेट कोलांटी मारेल.

कारण असं: इंजिन जड आणि ते शेपटीला. टाक्या रिकाम्या होतात तसा वस्तुमानकेंद्र खाली सरकतं, हवेचा रोध मात्र वर नाकापाशी लागतो. एकदा नाक वाऱ्याच्या बाजूला गेलं की हवा ते आणखी ढकलते. रिलायंटचं नोझल हलत नाही, त्यामुळे सावरायला कॅप्सूलमधल्या दिशा वळवणाऱ्या फिरत्या चाकाची क्षीण ताकद तेवढी उरते.

आता रिलायंट काढून स्विव्हल लावा. निर्वातात 240 ऐवजी 215 किलोन्यूटन मिळतील, पण नोझल 3 अंश वळतं. एकूण वजन साधारण 11.5 टन, सुटताना थ्रस्ट (इंजिनाचा जोर) वजनाच्या दीडपट. तळाशी चार पंख लावा आणि दाट हवेत नाक प्रोग्रेड खुणेपासून (रॉकेट ज्या दिशेने जातंय ती दाखवणारी खूण) 5 अंशांपलीकडे नेऊ नका.

उडवण्याआधीच तपासायचं असेल तर जोडणी-इमारतीत वस्तुमानकेंद्राची खूण चालू करा, टाकीवर राइट क्लिक करून इंधनाचा स्लायडर शून्यावर ओढा. खूण किती सरकते ते डोळ्यांना दिसतं. विमानाला तर ही तपासणी हवीच. भरलेल्या टाकीवर गुणी बाळ असलेलं विमान परतताना उलटतं ते यामुळेच.

आणि काही फुटलं की एफ3 दाबा. कुठला सांधा कितव्या सेकंदाला तुटला, ओळीने लिहिलेलं असतं. तुमची अट याहून चांगली पुरी करणारा गेम मला तरी माहीत नाही.

खटपट्या
लांब रॉकेट शेवयांसारखं लवतं म्हणतात, ते?

उलटाबाण
सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू करा, मग भागावर राइट क्लिक करून ऑटोस्ट्रट (न दिसणारा आधार) लावा. पण आधी उंची कमी करता येते का बघा.

पिस्टनपंत
माइनक्राफ्टमधली टीएनटीची (स्फोटक ब्लॉकची) तोफ. चर खणा, मागच्या टोकाला पाण्याचा उगम ठेवा (पाणी पुढे 7 ब्लॉक वाहतं), चरात दारूचे (गोळा ढकलणारे) टीएनटी, पुढच्या तोंडाशी अर्ध्या स्लॅबवर गोळ्याचा टीएनटी. दारूला थेट रेडस्टोन (गेममधली वीज) द्या, गोळ्याला चार रिपीटरमधून (वीज उशिरा पुढे सोडणारे भाग), प्रत्येक पूर्ण 4 टिकांवर (एक टिक म्हणजे 0.1 सेकंद).

हिशोब सोपा आहे. वात 4 सेकंदांची. चार रिपीटर म्हणजे 1.6 सेकंदांचा उशीर, म्हणजे दारू फुटते तेव्हा गोळ्याकडे उडायला तेवढेच 1.6 सेकंद उरतात. उशीर कमी केला तर गोळा तोफेसमोरच फुटतो. दहा रिपीटर लावले तर उशीरच 4 सेकंदांचा होतो: दारू फुटताना गोळा अजून साधा ब्लॉक असतो, जागचा हलत नाही, आणि मग चार सेकंदांनी तिथेच फुटून तोफेचं तोंड उडवतो.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे टीएनटी थेट उगमावर ठेवणं. उगम पुसला जातो, चर कोरडा पडतो आणि तोफ स्वतःलाच खाते. इतर जागी ठेवला तर चालतं, कारण पेटलेला टीएनटी ब्लॉक राहत नाही, त्या जागेत पाणी परत शिरतं, आणि पाण्यातला स्फोट ब्लॉक फोडत नाही.

पिस्टनकडे (ब्लॉक ढकलणाऱ्या भागाकडे) वळलात तर एक सांगून ठेवतो. जावा आवृत्तीत पिस्टनच्या वरच्या रिकाम्या जागेला वीज पोचली तरी पिस्टन ती आपली मानतो, पण शेजारी काही बदलेपर्यंत हलत नाही. अडकलेला पिस्टन दिसला की आधी हे तपासा. बेडरॉक आवृत्तीत हा प्रकार नाही, म्हणून एकीकडचा आराखडा दुसरीकडे चालेलच असं नाही.

झोनाईचोर
स्विचवर टिअर्स ऑफ द किंगडम. दोन पंखे, मध्ये एक स्टिअरिंग स्टिक, झाली हवेतली बाइक. अल्ट्राहँडने (भाग उचलून चिकटवण्याच्या शक्तीने) भाग 45 अंशांच्या टप्प्यांत फिरतात, त्यामुळे दोन्ही पंखे सारखे कलते लावता येतात. एक जरी रेषेबाहेर चिकटला तर बाइक कायम एका बाजूला ओढते. ऑटोबिल्डला (आधीची जोडणी आपोआप परत उभारणाऱ्या शक्तीला) प्रत्येक गैरहजर भागामागे 3 झोनाईट (गेममधलं खनिज) लागतात, म्हणजे पूर्ण बाइक 9 मध्ये.

उलटाबाण
बाइक ठीक, पण त्याच गेममधला ग्लायडरचा पंख वापरलात तर तो थोड्या वेळाने लुकलुकून गायब होतो. त्यात शोधण्यासारखं काही नाही, बनवणाऱ्यांनी घड्याळ लावून ठेवलंय. खटपट्यांच्या अटीत हे बसत नाही.

झोनाईचोर
पंखापुरतं मान्य. बाइकच बनवा.

भंगारदादा
जोडायचं नाही, नुसती फसलेली निर्मिती बघायची असेल तर फॉलआउट 3 मधला एक्सपेरिमेंटल एमआयआरव्ही हा बॉम्बफेक्या. एका चापात 8 मिनी न्यूक (छोटे अणुबॉम्ब). जवळच्या शत्रूवर चालवला तर आधी आपणच जातो.

खटपट्या
आधी कर्बल, रिलायंटवालं रॉकेट. एफ3 ची यादी इथेच टाकतो, पहिली ओळ वाचून सांगा.