गुडघ्याचा लिगामेंट: शस्त्रक्रिया लगेच, की आधी व्यायाम?

बी-३०४: सर्वांना नमस्कार. माझा २३ वर्षांचा मुलगा मागील आठवड्यात गोल्फ क्लब मैदानावर कबड्डी खेळताना पडला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या मधोमध दोन हाडे जोडणारा लिगामेंट) पूर्ण तुटल्याचे आले आहे. एका डॉक्टरांनी याच आठवड्यात शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसऱ्यांनी तीन महिने फिजिओथेरपी करून मग ठरवावे, असे सांगितले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-५०१: काका, माझ्या मेहुण्याचाही लिगामेंट फाटला होता. पट्टा बांधून दोन महिन्यांत तो बरा झाला. घाई करू नये.

ए-२०३: दादा, मेहुण्यांचा बहुधा गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट (एमसीएल) असावा; तो पट्टा आणि व्यायामावर बहुतेक वेळा सांधतो. एसीएल सांध्याच्या पोकळीत असतो, त्याची तुटलेली टोके तशी जुळून येतीलच असा भरवसा नसतो, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

तरीही, काका, एसीएल तुटला म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून म्हणणार नाही. स्वीडनमधील १२१ तरुण, खेळणाऱ्या रुग्णांच्या चाचणीत (२०१०) जवळपास निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया झाली, इतरांना आधी व्यायाम देऊन शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा ठेवला गेला. दोन वर्षांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही आणि पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्यांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. ब्रिटनमधील ३१६ रुग्णांच्या चाचणीत (२०२२) मात्र शस्त्रक्रिया सरस ठरली. ते रुग्ण दुखापतीला काही काळ उलटलेले आणि तरीही गुडघा निसटत असलेले होते. मला यात विसंगती वाटत नाही. नीट व्यायाम करूनही चालता-वळताना गुडघा दगा देतो का, हा प्रश्न अहवालातील ‘पूर्ण’ या शब्दापेक्षा मोठा आहे.

डी-१०२: ताई, पण त्याला पुन्हा कबड्डी खेळायची असेल तर?

ए-२०३: तर पारडे शस्त्रक्रियेकडे झुकते, कारण कबड्डीत पाय रोवून अंग झटकन वळवावे लागते. मात्र नवा लिगामेंट बसवल्यावरही नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये. पुन्हा तुटण्याचा धोका तेव्हा बराच जास्त असतो. शिवाय सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली तर तो नंतरही आखडलेला राहू शकतो, म्हणून आधी सूज उतरवून मांडीच्या स्नायूंत बळ आणणे दोन्ही मार्गांत आवश्यक आहे. याला एक अपवाद आहे. काका, गुडघा पूर्ण सरळ होतो का?

बी-३०४: नाही. सूज उतरली, पण शेवटी काहीतरी अडकल्यासारखे होते.

ए-२०३: मग तीन महिने थांबू नये. मेनिस्कसचा, म्हणजे गादीचा, फाटलेला तुकडा सांध्यात अडकला असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर तो लवकर सोडवून शिवणे हिताचे असते. गुडघ्याच्या तज्ज्ञ सर्जनना उद्याच दाखवावे, एमआरआयची सीडी सोबत न्यावी, आणि तोवर पाय जोर लावून सरळ करू नये.

बी-३०४: आभारी आहे, ताई. सकाळचीच वेळ घेतो.