पीएचडीच्या मुलाखतीत तालुक्याची पोरं का गळतात? एक पगारी वर्ष द्या!

अगारप्लेट
नंदुरबार, गडचिरोली, हिंगोलीकडची मुलं जैववैद्यकीय संशोधनात का दिसत नाहीत, असं विचारलं की आपली गाडी आरक्षण आणि फेलोशिप या दोनच स्टेशनांवर थांबते. आरक्षण आहे. केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि ओबीसींना २७ टक्के. फेलोशिपसाठी राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आहेत. तरी पीएचडीच्या राखीव जागेपुढे शेरा पडतोच : 'योग्य उमेदवार मिळाला नाही.'

मुलाखतीच्या पॅनेलवर बसलो आहे, म्हणून सांगतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्रोजेक्टमध्ये काय केलंस, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) काय घेतला होतास? शहरातल्या मुलीने सहा महिने एखाद्या राष्ट्रीय संस्थेत सेल कल्चर केलेलं, म्हणजे पेशी भांड्यात वाढवलेल्या असतात. कंटॅमिनेशन होऊन (बाहेरचे जंतू शिरून) तिच्या सगळ्या पेशी मेलेल्या असतात, आणि त्या का मेल्या यावरच ती दहा मिनिटं बोलते. पॅनेल खूश. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाने एमएस्सीत ग्रॅम स्टेनिंग (जंतू रंगवून पाहणं) केलेलं असतं, जंतूंच्या वाढीचा ग्रोथ कर्व्ह काढलेला असतो, आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा (डीएनएचे तुकडे वेगळे करण्याचा) 'डेमो' घोळक्यात वाकून पाहिलेला असतो. पीसीआर मशीन कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या समितीपुरतं पुसून ठेवलेलं. त्याच्या हातून बिघडायलासुद्धा काही मिळालेलं नसतं, तर तो बोलणार कशावर? बाहेर गेल्यावर शेरा : 'रिसर्च अ‍ॅप्टिट्यूड नाही.'

म्हणून माझं म्हणणं असं, की आयसर, एनसीसीएस, एनआयव्ही, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, परळचं एनआयआरआरसीएच या पुण्या-मुंबईकडच्या राष्ट्रीय संशोधन संस्थांनी मिळून एमएस्सीनंतरचं एक पगारी वर्ष सुरू करावं, आणि ते फक्त जिल्ह्या-तालुक्याच्या कॉलेजांतल्या मुलांसाठी असावं. वर्षभर प्रयोगशाळेच्या बेंचवर स्वतःचा छोटा प्रश्न, आठवड्याला जर्नल क्लब (नव्या शोधनिबंधावर चर्चा), शेवटी ओळखीच्या शास्त्रज्ञाचं शिफारसपत्र. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशावर पदवीनंतरचं असं वर्ष वीसेक वर्षं चाललं.

नेटग्रस्त
साफ असहमत. सीएसआयआर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर पाहिलाय ना? २०० पैकी १०० गुण पार्ट सीचे, आणि तिथे प्रयोगाचे निकाल देऊन निष्कर्ष विचारतात. ते घोकून सुटत नाही. जी मुलं हे सोडवून जेआरएफ (केंद्राची संशोधन फेलोशिप) घेऊन तुमच्यासमोर बसतात, त्यांना तुम्ही 'अ‍ॅप्टिट्यूड नाही' म्हणता, म्हणजे दोष पॅनेलचा. मग शिक्षा म्हणून वर्ष मुलाने का द्यायचं? 'कुठे प्रोजेक्ट केलंस' विचारण्याऐवजी समोर एक आलेख ठेवा आणि त्यावर बोलायला सांगा. मराठीत बोलला तरी ऐका. खर्च शून्य.

हिशेबी
अजून एक वर्ष! पोरगा एमएस्सी होईपर्यंत तेवीस वर्षांचा, मग तुमचं वर्ष, मग पाच-सहा वर्षं पीएचडी. घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं. वडील विचारतात, पगार कधी?

जेआरएफ २०२३पासून महिना ३७ हजार झाली, कागदावर उत्तम. माझ्या भावाची फेलोशिप (कुठली ते सांगत नाही) आठ महिने अडकली होती, मेसचे पैसे मी भरले. आणि राज्याचं म्हणाल तर डिसेंबर २०२३मध्ये बार्टी-सारथी-महाज्योतीच्या फेलोशिपची परीक्षा घेतली, तो पेपर २०१९च्या सेटचाच (प्राध्यापकपदाच्या राज्य पात्रता परीक्षेचाच) निघाला. जानेवारीत फेरपरीक्षा, तिच्यावरही बहिष्कार. त्याच डिसेंबरच्या अधिवेशनात विधान परिषदेत उपमुख्यमंत्री विचारत होते, पीएचडी करून काय दिवे लावणार? आहे ते पैसे वेळेवर द्या, नवी योजना नंतर.

उगाच
दिवे लावायला आधी खोलीचं वीजबिल भरलेलं लागतं.

बाल्टिमोरकर
इथे जवळच यूएमबीसी विद्यापीठ आहे. तिथली मायरहॉफ योजना या विषयातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण, पण ती अगारप्लेट म्हणतात तशी नाही. १९८८मध्ये फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी रॉबर्ट मायरहॉफ या दानशूराच्या पैशातून ती कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी सुरू केली, १९९०मध्ये मुली आल्या, १९९६पासून सर्वांना खुली. मुद्दा हा, की ती पदवीच्या पहिल्या वर्षाच्याही आधी, उन्हाळ्यातच सुरू होते. मुलं गटाने अभ्यास करतात, पहिल्यापासून प्रयोगशाळेत जातात. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या एनआयएचच्या चमूतल्या किझमेकिया कॉर्बेट याच योजनेतल्या. एमएस्सीनंतर जागं होणं म्हणजे पाच वर्षं उशीर. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला हात घाला.

अवांतर : पैशाचा स्रोत एकच ठेवू नका. २०२५मध्ये इथे एनआयएचने अशा बऱ्याच योजनांचं अनुदान तोडलं आणि मुलं मधेच लटकली.

सातपुडा
मी नंदुरबारातल्या तळोद्याकडची, सध्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. कुठे ते राहू दे. लॅबमध्ये आल्यावर मला पहिल्या आठवड्यात विचारलं गेलं, "कॅटेगरीतून का?" आता त्यावर 'त्या स्पेशल वर्षातून का?' असा दुसरा शिक्का नको. वेगळी बॅच, वेगळं हॉस्टेल, उद्घाटनाला फोटो असं काही करणार असाल तर करूच नका. त्याच बेंचवर, त्याच जर्नल क्लबात, इतर प्रोजेक्ट असिस्टंटच्याच पदनामाने घेणार असाल तर माझा पाठिंबा.

आणि सगळे 'त्यांचं भलं' म्हणून बोलताय. विज्ञानाचं काय? सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आमच्याकडे घरोघरी आहे. २०२३मध्ये त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. रक्ताचे नमुने आमच्या पाड्यांवरून जातात, संमतिपत्र मराठीत किंवा इंग्रजीत, आजी बोलते पावरी. ती अंगठा देते, कशाला ते तिला कळलेलं नसतं. तिला तिच्या भाषेत विचारेल असा माणूस संशोधक म्हणून तिथे हवा. आज तो फार तर दुभाषा असतो, आणि पेपरवर त्याचं नाव नसतं.

अगारप्लेट
सातपुडा, पदनामाची अट एकदम मान्य, बॅच नको. बाल्टिमोरकर, बीएस्सीपासून हवं हे खरं, पण तिथे कॉलेजं शेकडो आहेत आणि चालवणार कोण? नेटग्रस्त, आलेखाची चाचणी उद्यापासून करता येईल, पण पुढे काय? आत आल्यावर पहिल्याच महिन्यात 'हिला पिपेट धरता येत नाही' म्हणून गाईड वैतागतो, पोरगी गप्प होते आणि दोन वर्षांनी सोडून जाते. हिशेबींचं म्हणणं अर्धंच पटतं. पैसे अडकतात ते खात्याकडून संस्थेकडे येताना. हा पगार संस्थेच्या पगारपत्रकातून निघाला तर कारकुनाच्या पगारासोबत येईल.

नेटग्रस्त
निवड कोण करणार, ते शिताफीने टाळलंत. परीक्षा ठेवली तर क्लासवाल्यांचं फावणार. प्राचार्यांची शिफारस ठेवली तर संस्थाचालकांचा भाचा येणार, लिहून देतो.

अगारप्लेट
एमएस्सीला ५५ टक्के असलेल्यांतून चिठ्ठ्या टाका.

हिशेबी
चिठ्ठ्या! पहिल्याच वर्षी औरंगाबाद खंडपीठात याचिका.

सातपुडा
होऊ दे की. याचिका टाकायला तरी कुणी आमच्या यादीकडे बघेल.